भिशीतून बाईंना काढायचं का?

प्रिय अक्का,
मी ६९ वर्षांची. मिस्टर गेल्यावर शिवाजी पेठेतलं घर आवरलं आणि गावाबाहेर ज्येष्ठांच्या संकुलात फ्लॅट घेतला. मुलगी बेळगावला असते. इथं माझं चांगलं बस्तान बसलंय. डायनिंग हॉलमधलं खिडकीजवळचं टेबल आम्हा सहा जणींचं. नाश्ता तिथंच, दुपारी रमी, महिन्याला हजार रुपयांची भिशी.
शेजारच्या फ्लॅटमध्ये ७४ वर्षांच्या बाई राहतात. हायस्कूलात गणित शिकवायच्या. मी नवी आले तेव्हा पहिल्या दिवशी हाताला धरून मला त्या टेबलावर नेलं ते त्यांनीच. पण गेलं वर्षभर त्यांचं काहीतरी बिनसलंय. भिशीचे पैसे देऊन झालेले असतात, तरी पुन्हा घेऊन येतात. कधी दिलेले नसतात आणि दिले म्हणून भांडतात. एका जेवणात एकच गोष्ट तीनदा सांगतात. मागच्या महिन्यात अख्ख्या हॉलसमोर म्हणाल्या, "माझा चष्मा हिनं उचलला." चष्मा त्यांच्याच उशीखाली निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र माझ्यासाठी खुर्ची धरून बसलेल्या, जसं काही घडलंच नाही.
आता बाकीच्या चौघींनी ठरवलंय, बाईंना भिशीतून काढायचं आणि जोतिबाच्या सहलीलाही न्यायचं नाही. मी त्यांच्या जवळची, म्हणून हे सांगायचं काम माझ्याकडं. मी हो म्हणून बसले. त्यांचा मुलगा बंगळूरला असतो, त्याला यातलं काहीच ठाऊक नाही. मी कळवलं तर चोंबडेपणा होईल का?
– झोप उडालेली, कोल्हापूर

ताई,

आधी चौघींना सांगून टाका की हा निरोप तुम्ही देणार नाही. हो म्हटलं असलं तरी सांगा. दिलेला शब्द मोडला म्हणून एक दिवस टेबलावर तोंडं वाकडी होतील, तेवढी होऊ द्यात. चौघींनी ठरवायचं आणि पाचवीनं पोचवायचं, हा कुठला न्याय? आणि ज्या बाईंना कालचं भांडण आज आठवत नाही, त्यांना तुम्ही एकदा सांगून भागणार नाही. पुढच्या भिशीला त्या पुन्हा पैसे घेऊन दारात उभ्या राहतील आणि तुम्हाला तेच वाक्य नव्यानं म्हणावं लागेल. दर महिन्याला. हा विचार त्या चौघींनी केलेला दिसत नाही.

चष्म्याचा सल तुमच्या मनात आहे. तो तुम्ही दोन ओळींत उरकलात, म्हणूनच मला तो जास्त दिसला. चारचौघांत चोर म्हणवून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच शेजारी बसून पोहे खायचे, हे सोपं नाही. पण हे असं होतं कसं, ते समजून घ्या. वस्तू आपणच ठेवली याची आठवण मनात उमटतच नाही. वस्तू तर जागेवर नाही. मग मन त्यातल्या त्यात पटेलसं कारण शोधतं, कुणीतरी घेतली. आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा जवळचंच माणूस असतं, कारण खोलीत येणंजाणं त्याचंच. ज्या घरात असा आजार आहे तिथं सून, मुलगी, नाहीतर दिवसभर राबणारी सांभाळणारी बाई, यांच्यावरच आधी आळ येतो. लांबच्या माणसावर सहसा येत नाही.

पुन्हा असं झालं तर "मी कशाला घेऊ तुमचा चष्मा" म्हणून वाद घालू नका. "अगं बाई, चला, दोघी मिळून बघू" म्हणा आणि शोधायला लागा. सापडला की त्यांच्या हाती द्या. कुठं होता याची चर्चा नको. मुलाला सांगून त्याच नंबरचा दुसरा चष्मा करून घ्या आणि संकुलाच्या ऑफिसात ठेवा, निम्मी भांडणं तिथंच मिटतील. हॉलमध्ये त्या दिवशी कोण कोण होतं, त्यांना मात्र चष्मा उशीखाली मिळाल्याचं एकदा स्वच्छ सांगा. त्यात बाईंची बदनामी नाही. तुमच्या नावाचा प्रश्न आहे आणि संकुलात नाव लवकर खराब होतं.

आता दुखण्याविषयी. टेबलावर कुणी 'अल्झायमर' हा शब्द टाकलाच असेल. तुम्ही तो उचलू नका. वर्षभरात वाढत गेलेला विसर आणि जन्मभर गणित शिकवलेल्या बाईंची हजार रुपयांत होणारी गफलत, हे नुसत्या वयाचं लक्षण मला वाटत नाही. पण त्यामागं काय आहे हे तपासल्याशिवाय डॉक्टरही सांगणार नाहीत. बी-१२ कमी झालं तरी असं होतं. आपल्याकडं शाकाहारी म्हाताऱ्यांत ते सर्रास कमी असतं आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही उतरतं. थायरॉईड बिघडलं, रक्तातलं सोडियम घसरलं, मन फार खचलं, तरी विसर पडतो. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेच्या काही गोळ्या या वयात डोकं जड करतात. कान मंद झाले असतील तर अर्धं बोलणं पोचतच नाही, मग लक्षात काय राहणार? मागच्या दोन-तीन महिन्यांत त्या बाथरूममध्ये वगैरे पडल्या होत्या का, हेही विचारा. डोक्याला लागलेला मार कधी कधी आठवड्यांनी आत रक्त साकळून त्रास देतो. यातली बरीच कारणं उपचारांनी सुधारतात. म्हणून सीपीआरसारखं सरकारी रुग्णालय असो की खाजगी दवाखाना, आधी फिजिशियन, रक्ताच्या तपासण्या, कानांची तपासणी, आणि त्यांनी सांगितलं तर मेंदूविकारतज्ज्ञ. एक लक्षात ठेवा. दोन-चार दिवसांत एकदम बडबड, भ्रम, ओळख न पटणं असं काही सुरू झालं, तर मुलाची वाट बघू नका. लघवीचा जंतुसंसर्गसुद्धा या वयात तसं करतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

म्हणजे मुलाला कळवायचंच. चोंबडेपणा नाही हा. पण त्याआधी एका माणसाला विचारायचं राहिलंय, खुद्द बाईंना. सगळं संकुल त्यांच्याविषयी बोलतंय, त्यांच्याशी कुणी बोललेलं नाही. सकाळची वेळ निवडा, नाश्त्यानंतरची. संध्याकाळी अशा माणसांचं डोकं जास्त गोंधळतं. त्यांच्या खोलीत, दोघीच असताना म्हणा, "बाई, अलीकडं तुम्हाला विसरायला होतंय का हो? मला काळजी वाटते." कित्येकांना आपलं काहीतरी निसटतंय हे आधीच कळलेलं असतं आणि ते एकट्यानं लपवत बसतात. त्या हो म्हणाल्या तर त्यांच्यासमोरच मुलाला फोन लावा. चिडल्या, उठून गेल्या, तर विषय सोडा, आठवड्यानं पुन्हा काढा. दुसऱ्यांदाही नकोच म्हणाल्या तरी मुलाला सांगा, यात मी मागंपुढं बघणार नाही. गॅस चालू राहणं, रस्ता चुकणं, फोनवर कुणाला ओटीपी सांगून बसणं, यातलं काही घडल्यावर कळवण्यात काय अर्थ?

मुलाशी बोलताना "तुमच्या आईचं डोकं फिरलंय" या चालीचं एकही वाक्य नको. काय घडलं, कुठल्या तारखेला घडलं, एवढंच. भिशीच्या दोन-तीन वेळा, चष्मा, आणि काय असेल ते, आधी कागदावर उतरवा. तो पहिल्यांदा म्हणेल, "पण काकू, माझ्याशी तर नीट बोलते." बरोबर आहे त्याचं. रात्री दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, नातवाची परीक्षा कशी झाली. या परीक्षेत कुणीही पास होईल, आणि बाई तर जन्मभर परीक्षाच घेत आल्या. त्याला सांगा, दिवाळीला येऊ नको, चार पाहुण्यांत काही कळणार नाही. साधे तीन दिवस रजा काढून ये, आईजवळ राहा, एकदा तिला बाजारात ने आणि पैसे तिला देऊ दे. आलाच आहे तर बँक, पेन्शन, मृत्युपत्र ही कामंही बाईंना समजतंय तोवर त्यांच्या संमतीनं मार्गी लावून घे. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो चुकला तर पेन्शन अडकते. आणि फ्लॅट घेताना संकुलाशी झालेला करार त्यानं नीट वाचावा. राहणाऱ्याला स्वतःचं स्वतः करणं जमेनासं झालं तर पुढं काय, हे बहुधा त्यात लिहिलेलं असतं, आणि कुणीच ते वाचलेलं नसतं. तुम्ही वाचलंय का तुमचं?

आता भिशी. चौघींची बाजू अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही. भिशी चालते ती विश्वासावर. पावती नाही, कागद नाही, आणि वाद झाला तर निवाडा करणारं कुणी नाही. दर महिन्याला हजार रुपयांवरून हुज्जत घालायला कुणाला आवडेल? पण पैशाचा घोळ सोडवायला माणूस काढायची गरज नाही. चालू भिशी पूर्ण होऊ द्या. बाईंचे पैसे मुलानं दर महिन्याला थेट, तुमच्यातली जी भिशी सांभाळते तिच्या खात्यावर पाठवावेत. एक वही करा आणि प्रत्येकीनं पैसे दिले की सही करायची, सहाही जणींनी, फक्त बाईंनी नव्हे. बाई पुन्हा पैसे घेऊन आल्या की वही उघडून त्यांची सही दाखवायची. शिक्षिकेला वहीतली सही पटते, तोंडी सांगणं पटत नाही. पुढच्या भिशीत त्यांचं नाव घालू नका, ते मलाही मान्य. पण भिशीच्या दिवशी भडंग आणि चहाला त्यांची खुर्ची तिथंच हवी. चिठ्ठी उचलायचं काम त्यांना द्या. घरात लहान मूल असेल तर चिठ्ठी त्याच्या हातून काढतात, तुमच्याकडं मूल नाही, बाई आहेत.

रमी जड जात असेल तर सोडा. त्यांना पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे विचारून बघा. जुनं पाठांतर नव्या आठवणींपेक्षा उशिरा जातं, आणि त्या पिढीच्या गणिताच्या शिक्षिकेला अडीचकी येत नसली तरच नवल. तुमच्या चौघींतल्या निम्म्या तिथं गार होतील. भजनाचंही तसंच, चालीवर शब्द आपोआप येतात.

टेबलावर सहा जणी एकदम बोलता, शेजारी भांड्यांचा आवाज, वर टीव्ही. त्यात त्यांना काही उमगत नसेल, म्हणून त्या हाताशी असलेली एकच गोष्ट पुन्हा सांगत असतील. त्यांना भिंतीकडं पाठ करून बसवा. टीव्हीचा आवाज कमी करायला मॅनेजरला सांगा, बाकीचे दुवाच देतील.

जोतिबाला न्यायचं नाही, यात मात्र मी चौघींच्या बाजूची आहे. पायऱ्या, गुलाल, गर्दी, त्यात हात सुटला तर शोधायचं कुठं? नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनालाही नको. पण न्यायचं नाही म्हणजे कुठंच न्यायचं नाही असं नव्हे. आडवारी, ऊन उतरल्यावर रंकाळ्यावर न्या. दोघी-तिघी चालतील, एकीनं हात धरायचा, पर्समध्ये नाव आणि संकुलाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. तासाभरात परत. जोतिबाची सहल ज्या दिवशी असेल त्या दिवशी ती कुणी त्यांच्यासमोर बोलून दाखवू नये, एवढं पथ्य पाळा.

चौघींना एवढं का टोचतंय, हे तुम्हाला कळलं असेल. बाई तीनदा तीच गोष्ट सांगतात याचा कंटाळा येतो हे खरं, पण आपलीही गाडी त्याच घाटात आहे, हे त्यांना रोज नाश्त्याला दिसतं. बाई नजरेआड झाल्या की भीतीही नजरेआड. मी तुमच्या जागी असते तर हे टेबलावर उघड बोलले असते. आज जो नियम बाईंना लावाल तोच उद्या तुम्हालाही लागणार आहे आणि तेव्हा तो बदलायला तुम्हाला कुणी मत विचारणार नाही. जरा कडू वाटेल, वाटू दे.

तुम्हालाही एक ताकीद. तुम्ही शेजारीण आहात, त्यांच्या सांभाळणाऱ्या बाई नव्हे. औषधं देणं, आंघोळीवर लक्ष ठेवणं, रात्री दार बघणं हे तुमच्या अंगावर घेऊ नका. त्यासाठी पगारी माणूस मुलानं नाहीतर संकुलानं बघायचं. काहीच कुणाला सुचेना तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत. आणि आठवड्यातून दोन दुपारी संकुलाच्या बाहेर पडा. शिवाजी पेठेतून आलात म्हणजे करवीर नगर वाचन मंदिर तुम्हाला नवं नाही. १८५० पासूनचं ग्रंथालय आहे, तिथं अजून पुस्तकं संपलेली नाहीत.

मुलगा येऊन गेला की पत्र टाका. तपासणीत काय निघालं ते नाही सांगितलं तरी चालेल. चौघी काय म्हणाल्या आणि चिठ्ठी कुणी काढली, ते मात्र लिहा.

– अक्का