मागचे दिवे एलईडी करताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे 2013 सालची हॅचबॅक मोटार आहे. आठवड्यातून दोनदा सातारा-पुणे प्रवास होतो आणि पावसाळ्यात खंबाटकी घाटात आपली गाडी मागच्याला दिसते की नाही, याची धास्ती वाटते. म्हणून मागचे ब्रेक, टेल आणि इंडिकेटर या सर्वांचे बल्ब मी एलईडी केले. तेव्हापासून इंडिकेटर दुप्पट वेगाने लुकलुकतो. गॅरेजवाले रेझिस्टन्स लावून देतो म्हणतात. तो लावावा का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या गाडीत बिघाड झालेला नाही, गाडी आपल्याला बल्ब गेल्याची सूचना देत आहे. इंडिकेटरचा नेहमीचा बल्ब 21 वॅटचा असतो आणि 12 व्होल्टवर तो सुमारे पावणेदोन अँपिअर प्रवाह घेतो. एका बाजूचे पुढचे-मागचे दोन बल्ब आणि फेंडरवरचा 5 वॅटचा छोटा दिवा मिळून साधारण 47 वॅटचा भार होतो, आणि फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप घडवणारा रिले) तो गृहीत धरूनच काम करतो. मागे दोन-तीन वॅटचा एलईडी बसला की भार एकदम उतरतो, एक बल्ब जळाला असे फ्लॅशर समजतो आणि चालकाच्या ध्यानात यावे म्हणून वेग वाढवतो. इंडिकेटरची उघडझाप मिनिटाला 60 ते 120 वेळा व्हावी असा दंडक आहे. त्याहून जलद लुकलुकणारा दिवा मागच्याला नीट वाचता येत नाही, त्यामुळे हे असेच चालू ठेवू नये.

रेझिस्टन्स म्हणजे एलईडीच्या जोडीला लावून कमी झालेला भार भरून काढणारा रोधक. तो लावल्यास वेग ताळ्यावर येईल, पण माझे मत त्याच्या विरुद्ध आहे. बाजारात मिळणारा 6 ओहमचा रेझिस्टन्स 12 व्होल्टवर 24 वॅट वीज केवळ उष्णतेत घालवतो. धुक्यात घाटाच्या कडेला चारही इंडिकेटर चालू ठेवून पंधरा-वीस मिनिटे थांबावे लागले, तर तो हात लावता येणार नाही इतका तापतो. पुष्कळ ठिकाणी तो वायरिंगच्या जुडग्यालाच पट्टीने बांधलेला किंवा प्लॅस्टिकच्या बंपरला टेकलेला मी पाहिला आहे, आणि तिथे वायरचे आवरण वितळण्याचा धोका खरा आहे. दुसरा दोष याहून गंभीर आहे. पुढे एलईडी खरोखर बंद पडला तरी रेझिस्टन्स भार दाखवतच राहतो, फ्लॅशर नेहमीच्या लयीत टिकटिक करतो आणि आपल्याला काहीच कळत नाही.

म्हणून आधी आपल्या गाडीत फ्लॅशर रिले वेगळा आहे का, ते गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. वेगळा असल्यास एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवावा. तोही जळालेल्या बल्बची सूचना देणार नाही, तेव्हा आठवड्यातून एकदा गाडीभोवती फेरी मारून सर्व दिवे तपासण्याची सवय ठेवावी लागेल. फ्लॅशरचे काम गाडीच्या नियंत्रण-यंत्रणेतच असेल, तर इंडिकेटरला जुने 21 वॅटचे पिवळे बल्बच परत बसवावेत. मला विचाराल तर हाच उत्तम मार्ग आहे.

आता आपल्या मूळ धास्तीकडे येतो, कारण ब्रेक आणि टेलचा एकत्र दिवा हा यातला सर्वांत नाजूक भाग आहे. तिथल्या दोन फिलामेंटच्या (तापून उजळणाऱ्या तारांच्या) 21/5 वॅट बल्बमध्ये टेलचा प्रकाश सुमारे 35 ल्युमेन (प्रकाशाचे एकक) आणि ब्रेकचा सुमारे 440 ल्युमेन, म्हणजे बारा पटींहून अधिक असतो. मागच्या चालकाला ब्रेक लागल्याचे कळते ते या फरकामुळे. स्वस्त एलईडी बल्बमध्ये टेलच इतका प्रखर असतो की ब्रेक दाबल्यावर जेमतेम फरक पडतो. शिवाय फिलामेंट चहूकडे प्रकाश टाकतो आणि मागचा परावर्तक त्यानुसारच घडवलेला असतो; एलईडीचा प्रकाश सरळ मागेच पडत असेल तर मध्यभागी एक झगझगीत ठिपका दिसतो, बाकीची काच अंधारी राहते आणि बाजूने येणाऱ्याला दिवा दिसतच नाही. लाल काचेमागे पांढरा एलईडी बसवल्यास बराचसा प्रकाश काचच अडवते, म्हणून तिथे लालच घ्यावा.

एलईडीचा एक लाभ मात्र निर्विवाद आहे. फिलामेंट तापून पूर्ण तेजाने पेटायला सुमारे 0.2 सेकंद लागतो, तर एलईडी तत्काळ उजळतो. ताशी 80 किलोमीटर वेगाने मागून येणाऱ्याला त्यामुळे सुमारे साडेचार मीटर अंतर अधिक मिळते. हा लाभ पदरात पाडून घ्यायचा असेल तर संध्याकाळी गाडीपासून तीसेक पावले मागे उभे राहावे, घरातल्या कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगावा, आणि हीच पाहणी दोन्ही बाजूंनी तिरक्या कोनातूनही करावी. एका दिव्यात जुना आणि दुसऱ्यात नवा बल्ब ठेवल्यास तुलना सोपी जाते. नवा फिका ठरला तर तो काढून टाकावा. पुष्कळदा दिवा मंद दिसण्याचे कारण होल्डरमधला गंज, सैल अर्थ (गाडीच्या सांगाड्याला जोडलेली वायर) किंवा काचेवरची धूळ हेच असते, आणि तेवढे साफ केल्यावर जुना बल्बही घाटातल्या धुक्यात पुरेसा दिसतो.

प्रश्न : मोटारसायकलचे चारही इंडिकेटर एलईडी केले, फ्लॅशरही बदलला. आता डावा लावला तरी चारही एकदम लुकलुकतात.
— एक वाचक, लातूर

उत्तर : आपल्या मीटरमध्ये इंडिकेटरची खूण दाखवणारा बल्ब एकच असावा आणि तो डाव्या-उजव्या वायरींच्या मध्ये जोडलेला असावा. डावी बाजू चालू असताना त्याचा प्रवाह उजव्या बल्बांमधून अर्थकडे जातो. जुने 10 वॅटचे बल्ब एवढ्याशा प्रवाहाने पेटत नसत. एलईडीला मात्र तो पुरतो. दोन 1एन4007 डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे भाग) घ्यावेत, एक डाव्या वायरीपासून व एक उजव्या वायरीपासून त्या खुणेच्या बल्बच्या एका टोकाला आणावा, आणि बल्बचे दुसरे टोक अर्थला जोडावे. डायोडवरची पट्टी दोन्हीकडे बल्बच्या दिशेला राहील, हे जोडण्यापूर्वी पाहून घ्यावे.