आधी थोडी बारीक होऊन मग जिमला जाऊ का? आणि वजनं उचलली तर शरीर पुरुषी होईल का?

तुम्ही लिहिलंय की वय ४३, वजन ७६ किलो. रोज संध्याकाळी पाऊण तास चालता, तरी जिना चढताना दम लागतो आणि गुडघे कुरकुरतात. जिमला जायचं मनात आहे, पण तिथे सगळे आपल्याकडे बघतील म्हणून आधी आठ-दहा किलो उतरवून मग जायचा विचार आहे. शिवाय जाऊबाईंनी सांगितलंय की वजनं उचलली की दंड पुरुषासारखे होतात.

‘आधी बारीक होते, मग जाते’ हे मी चाळिशीपासून सेहेचाळिशीपर्यंत स्वतःला सांगत होते. त्या सहा वर्षांत दोन्हीतलं काहीच झालं नाही. मी घराबाहेर पडले ती आई पडल्यावर.

आई बाथरूममध्ये घसरली. फार जोरातही नाही, बसल्यासारखी पडली, पण खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला आणि खुर्चीतून आधाराशिवाय उठायला तिला सहा महिने लागले. आई आयुष्यात कधीच जाड नव्हती. पंचेचाळीस किलोच्या वर गेलीच नाही. लग्नकार्यात सगळ्या तिचं कौतुक करायच्या, ‘अजून कशी शेलाटी आहे बघा.’ आणि आतून तिची हाडं पोकळ झाली होती, मांड्यांत बळ उरलं नव्हतं. वजनकाट्यावर तिच्यात एकही दोष नव्हता. तेव्हापासून मी काट्याचं ऐकणं सोडलं.

आईच्या डॉक्टरांनी मलाही हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करायला सांगितली. टी-स्कोअर आला उणे १.८. उणे १ ते उणे २.५ या पट्ट्यात हाडं विरळ व्हायला लागलेली असतात आणि उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७च्या आसपास जाते. त्यासोबत इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) घटलं की पुढची काही वर्षं हाडं सगळ्यात वेगाने झिजतात. तुम्ही ४३च्या आहात. तुमच्या हातात अजून वेळ आहे, आणि तो आधी बारीक होण्यात घालवू नका, असं मला अगदी मनापासून सांगायचंय.

चालणं सोडू नका. हृदयाला, साखरेला, मनाला ते उत्तम. पण चालण्याने पाठ, खांदे, दंड यांना काम मिळत नाही आणि मांड्यांनाही सवयीपेक्षा जास्त मिळत नाही. स्नायू आणि हाड यांचं गणित सारखंच असतं. नेहमीपेक्षा जास्त ओझं पडलं, की ती ते पेलण्यासाठी घट्ट होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय. त्याच्या जोडीला आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायामही सांगितलाय, आणि हे दुसरं वाक्य आपल्या बायकांपर्यंत कुणी पोचवतच नाही. ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. पाळी गेलेल्या आणि हाडं विरळ झालेल्या शंभरेक स्त्रिया त्यात होत्या. त्यांतल्या एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास, देखरेखीखाली चांगली जड वजनं उचलली. त्यांच्या मणक्याच्या हाडांची घनता वाढली. त्या वयात हाडांची झीज थांबली तरी पुष्कळ, इथे तर भर पडली.

आता पुरुषी दिसण्याचं. पुरुषांचे स्नायू फुगतात त्यात टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचा मोठा वाटा असतो आणि आपल्या शरीरात ते त्यांच्या मानाने फारच थोडं असतं. मीराबाई चानू आठवा. टोकियो ऑलिंपिकमध्ये तिने ४९ किलो वजनी गटात क्लीन अँड जर्कमध्ये ११५ किलो उचलून रौप्यपदक आणलं. स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त, आणि तेही लहानपणापासून रोज तासन्‌तास घाम गाळून. तुम्ही-मी आठवड्यातून दोनदा सात किलोचं डंबेल उचलून काय होणार? भाजीची पिशवी हलकी लागेल, ब्लाउजची बाही जरा घट्ट होईल. माझी झाली. मला तो दंड आवडतो.

लाजेबद्दल मात्र खोटं सांगणार नाही. पहिल्या दिवशी मी सैल पंजाबी ड्रेस घालून, ओढणी पिनेने लावून गेले होते. तिथल्या ट्रेनरने नाव विचारायच्या आधी विचारलं, ‘किती किलो कमी करायचेत?’ आणि तासभर ट्रेडमिलवर उभं केलं. पंधरा दिवसांत मी ते सोडलं. महिन्याभराने दुसरी जागा सापडली. एका फिजिओथेरपिस्ट बाईंचा छोटा हॉल, खालचा मजला, सकाळी सातला सहा-सात जणी. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, ‘जमिनीवर बसून हात न टेकता उठता येतं का?’ नाही आलं. मग म्हणाल्या, ‘ठीक आहे, खुर्चीपासून सुरू करू.’ तुम्हीही जागा निवडताना पहिला प्रश्न कोणता विचारला जातो ते ऐका. आणि सगळे बघतात असं वाटतं खरं, पण दहा मिनिटांत कळतं की प्रत्येकीचं लक्ष स्वतःच्या धापांकडे असतं. चांगली स्पोर्ट्‌स ब्रा मात्र आधी घ्या. निम्मा संकोच तिथेच संपतो.

जिमला जायचं नसेल तर घरीही होतं. खुर्चीवर बसणं-उठणं, दहा-दहा वेळा. भिंतीला हात टेकवून जोर. पाण्याने भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या घेऊन हात डोक्यावर नेणं. एक बाटली म्हणजे एक किलो झाला. पाच किलो कणकेची पिशवी पाठीच्या सॅकमध्ये घालून जिन्याच्या पायरीवर चढ-उतार. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे जमिनीवरून ओझं उचलायला शिकणं. पाठ सरळ, गुडघे किंचित वाकलेले, कंबरेत न मोडता खुब्यातून पुढे झुकायचं आणि ओझं अंगाजवळ ठेवून टाचा रोवून उभं राहायचं. हीच डेडलिफ्ट. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. सहज व्हायला लागलं की थोडं वजन वाढवायचं. आठवड्यातून दोन दिवस पुरतात, मधे विश्रांती हवीच.

माझ्या डोक्यात ध्येय होतं भरलेला सिलिंडर. आत १४.२ किलो गॅस आणि टाकीचंही जवळपास तेवढंच वजन, म्हणजे तीस किलोच्या आसपास. नेहमी ‘अहो, जरा सिलिंडर आत ठेवता का’ असं म्हणत थांबायचे. चौदा महिन्यांनी मी तो उचलून ओट्याखाली ठेवला. त्या दिवशी काट्यावर माझं वजन सुरुवातीपेक्षा फक्त तीन किलो कमी होतं.

एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. शिंकताना, हसताना, उडी मारताना लघवीचे थेंब येत असतील तर ते ‘बाळंतपणानंतर व्हायचंच’ म्हणून सोसू नका. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झालेले असतात. लघवी रोखताना जे आवळतो तेच पाच सेकंद आवळायचं, पाच सेकंद सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना हा सराव करू नका आणि श्वास कोंडू नका. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. नाही पडला तर स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. या एका कारणाने कितीतरी जणी फुगडी सोडतात, मंगळागौरीला नुसत्या बसून राहतात. पिंगा आणि कोंबडा घालणं हा केवढा दणदणीत व्यायाम आहे!

तुमचा दम वजनामुळेच लागतो असं धरून चालू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी १२ आणि ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या. गुडघ्याला सूज असेल किंवा रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारूनच वजनं हातात घ्या.

जेवणाबद्दल थोडंच. ५५ किलोच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. आपण सगळ्यांना वाढून शेवटी बसतो, तोवर आमटीतली डाळ संपलेली असते आणि वाटीत वरचं पाणी येतं. उपवासाला साबुदाणा, म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. आधी स्वतःची वाटी घट्ट वरणाची भरून बाजूला ठेवा. अंडं चालत असेल तर एकात सहा ग्रॅम मिळतात. नाहीतर मटकीची उसळ, पिठलं, दही, मूठभर शेंगदाणे. पालेभाजीवर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. भाकरी-भात सोडायची काही गरज नाही.

आणि ‘किती सुटलीस गं’ म्हणणाऱ्या नातेवाईक बायका. मला पूर्वी असं कुणी म्हटलं की दोन दिवस जेवण जायचं नाही. आता मी सरळ सांगते, ‘मी पस्तीस किलो उचलते, मामी.’ गेल्या दिवाळीत एका मामींनी हळूच बाजूला घेऊन विचारलं, ‘माझ्या वयाला जमेल का?’ त्या ६४ वर्षांच्या आहेत. आता रोज खुर्चीवर उठाबशा काढतात.

उद्या सकाळी एवढंच करा. हात नसलेली, न सरकणारी खुर्ची भिंतीला लावून ठेवा, दोन्ही हात छातीवर घ्या आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या बायकांसाठी बारापेक्षा कमी आकडा सरासरीखाली धरतात. मी सेहेचाळीसाव्या वर्षी अकरावर थांबले होते. आज त्रेपन्नाव्या वर्षी एकोणीस होतात. तुमचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा, आठ आठवड्यांनी परत मोजा आणि दोन्ही आकडे मला इथेच कळवा.