ट्रेडमार्कचे महत्त्व सामान्य माणसाला कसे पटवून द्यावे?

आपला प्रश्न असा आहे की, गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका स्वयंसाहाय्य गटाच्या महिला आणि त्यांची नेहमीची गिऱ्हाइके यांच्यासमोर ट्रेडमार्कविषयी तासभर बोलायचे आहे. मागच्या वेळी कायद्याची व्याख्या वाचून दाखवली तेव्हा निम्मे लोक उठून गेले. तर या खेपेस सुरुवात कोठून करावी? मी वकील नाही. फोंड्याला माझा लहानसा छापखाना आहे आणि गेली वीस-बावीस वर्षे मी पापड, मसाले, आगळ, काजूगर यांची लेबले व पाकिटे छापत आलो आहे. त्या टेबलावरून जे दिसते तेवढेच सांगतो.

मालकाच्या हक्कापासून सुरुवात करू नका, गिऱ्हाइकापासून करा. आमच्या शेजारच्या आजींना अक्षरओळख नाही. पोसऱ्यावर, म्हणजे वाड्यावरच्या किराणा दुकानात, त्या तिथल्या मुलाकडे मसाला मागतात तो ‘लाल पाकीट, कोपऱ्यात माड असलेले’ अशा शब्दांत, आणि दुसरे पाकीट पुढे केले तर परत करतात. त्यांच्या लेखी तो माड म्हणजेच बनवणाऱ्याची सही आहे. 1999 चा ट्रेडमार्क कायदा वेगळे काही सांगत नाही. एकाचा माल दुसऱ्याच्या मालापासून ओळखू यावा अशी कोणतीही खूण, मग ते नाव असो, चित्र असो, अक्षरे वा अंक असोत, वेष्टण असो किंवा रंगांची जुळणी असो, ती ट्रेडमार्क होऊ शकते. आजींचे उदाहरण आधी सांगा, व्याख्या मागून सांगितली तरी चालते.

आता एक कबुली. बऱ्याच वर्षांपूर्वी एक घाऊक व्यापारी दुसऱ्याच कोणाच्या शाकुती मसाल्याचे पाकीट घेऊन माझ्याकडे आला. रंग हेच ठेवा, नारळ जेथे आहे तेथेच ठेवा, नावातले एक अक्षर तेवढे बदला, असे त्याचे सांगणे होते. पाच हजार नगांची ऑर्डर होती आणि पावसाळ्याचे मंदीचे दिवस होते. मी प्रूफ काढले, त्याने मान डोलावली आणि माल गेला. चार-पाच महिन्यांनी मूळ मसाला करणारी बाई छापखान्यात आली. तिच्या हातात मीच छापलेले पाकीट होते. कोणी गिऱ्हाईक ते तिच्या घरी परत घेऊन आले होते आणि ‘बाय, तुझ्या मसाल्याला यंदा कुबट वास येतो’ असे सांगून गेले होते. तिने टेबलावर दोन्ही पाकिटे शेजारी शेजारी ठेवली आणि विचारले, ‘हे तुम्हीच छापलेत ना?’ नाही म्हणण्याची सोय नव्हती. छपाईत रंग नेमके जुळावेत म्हणून कडेला खुणा मारण्याची माझी पद्धत मलाच ओळखू येत होती.

तिने नावाची नोंदणी केलेली नव्हती. नोंदणी नसली म्हणून माणूस अगदीच निराधार होतो असे नाही. आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणाऱ्याविरुद्ध दाद मागण्याचा जुना मार्ग कायद्याने शाबूत ठेवला आहे. परंतु त्या वाटेने जायचे तर आपल्या नावाला बाजारात पत आहे, समोरच्याच्या नक्कलेमुळे लोक फसतात आणि त्यातून आपले नुकसान होते, हे सारे सिद्ध करावे लागते. तिच्याकडे बिले नव्हती. होती ती एक वही, ज्यात ‘म्हापसा, 40 पाकिटे’ अशा पेन्सिलीने केलेल्या नोंदी होत्या. वकिलाने ती चाळली, मिटली आणि परत दिली. तिने पुढे लेबल बदलले, म्हणजे नक्कल करणारा राहिला आणि खरी ती बाजूला झाली. नाव नोंदलेले असते तर मीही सुटलो नसतो, कारण परवानगी नाही हे ठाऊक असताना नोंदलेले चिन्ह लेबलावर वा वेष्टणावर उमटवणाऱ्यालाही कलम 29 उल्लंघन करणारा मानते. आमच्या धंद्यातल्या फार थोड्यांना हे माहीत आहे.

फसगत मसाल्यापुरती असते तेव्हा एक दिवसाचे जेवण बिघडते. औषधात ती जिवावर बेतते. मेंदूवर परिणाम करणाऱ्या मलेरियावरील ‘फॅल्सीगो’ आणि ‘फॅल्सीटॅब’ या दोन औषधांच्या नावांवरून झालेल्या कॅडिला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये हेच ध्यानात घेतले. औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात म्हणून गोंधळ होणार नाही असे मानता येत नाही आणि औषधांच्या नावांतील साम्य इतर मालापेक्षा अधिक कडकपणे तपासले पाहिजे, असे त्या निकालाचे सूत्र आहे. ट्रेडमार्क हा श्रीमंत कंपन्यांचा आपसांतला तंटा आहे असे मानणाऱ्या श्रोत्यांसाठी हे एक उदाहरण पुरते.

एक गैरसमज मात्र तुम्हीच आधी दूर केला पाहिजे. ट्रेडमार्क म्हणजे दर्जाचा शिक्का नव्हे. ॲगमार्क किंवा आयएसआय ही प्रमाणनाची चिन्हे आहेत, ती माल ठरावीक कसोटीला उतरल्याचे सांगतात. ट्रेडमार्क एवढेच सांगतो की हा माल कोणाकडून आला. चांगला असो वा वाईट, पुढच्या वेळी कोणाकडे जायचे किंवा कोणाकडे जायचे नाही, हे गिऱ्हाइकाला ठरवता येते. तसेच अन्नसुरक्षा परवान्याचा 14 आकडी क्रमांक म्हणजे नावाची नोंदणी नव्हे. हा घोटाळा मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो.

गोव्यात आणखी एक गुंता आहे, त्यावर थोडे थांबावे लागेल. आपल्या काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक निर्देशांक (जीआय), म्हणजे विशिष्ट प्रदेशातला माल म्हणून कायदेशीर ओळख, मिळाला. पुढे खोल्याची मिरची, जत्रेतले खाजे, बेबिंका, मानकुराद आंबा हेही त्या यादीत आले. ते वाचून लोकांना वाटते की आता ‘गोव्याचे खाजे’ हे नाव आपल्या दुकानासाठी नोंदवून टाकावे. तसे होत नाही. भौगोलिक निर्देशांक ही त्या प्रदेशातील सगळ्या उत्पादकांची सामाईक मालमत्ता आहे, ती कोणा एकाला विकता येत नाही; आणि केवळ वस्तूचे वर्णन करणारा किंवा ठिकाण सांगणारा शब्द एकट्याच्या मालकीचा ट्रेडमार्क म्हणून सहसा नोंदला जात नाही. जत्रेत खाज्यांची दुकाने ओळीने लागलेली असतात, पण घरातली माणसे एका विशिष्ट फलकापाशीच थांबतात. खाजे सर्वांचे, फलकावरचे नाव त्या एका घराचे. भौगोलिक निर्देशांक आणि ट्रेडमार्क यांतला फरक सांगण्यासाठी मला याहून सोपी तुलना सापडलेली नाही.

लोकांच्या तोंडी नाव बसणे ही मालकाला जितकी हवीशी तितकीच धोक्याची गोष्ट असते. आपण कागदाची ‘झेरॉक्स’ काढतो, मग यंत्र कोणाचेही असो. ‘ॲस्पिरिन’ हे एका जर्मन कंपनीच्या औषधाचे नाव अमेरिकेत 1921 मध्ये असेच त्या वस्तूचे सर्वसाधारण नाव ठरले. झेरॉक्सच्या बाबतीत मात्र आपल्याकडील अपील मंडळाने 2012 मध्ये तसा दावा फेटाळला. येथे श्रोत्यांना दोष देण्यात अर्थ नाही. बोलणारा माणूस सोयीचा शब्द वापरणारच. जपायचे ते मालकाने, आणि गटातील महिलांनी आपल्या नावापुढे ‘लोणचे’, ‘मसाला’ हा वस्तूचा शब्द न चुकता छापावा.

खर्चाचे आणि मुदतीचे शेवटी एका दमात सांगून टाका. वैयक्तिक अर्जदार किंवा लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गामागे 4,500 रुपये शुल्क आहे. वस्तू आणि सेवा मिळून 45 वर्ग आहेत, मसाले 30 व्या वर्गात येतात. गोव्याचे अर्ज मुंबई कार्यालयाच्या अखत्यारीत जातात. नोंदणी कार्यालयाच्या जर्नलमध्ये अर्जाची प्रसिद्धी झाल्यावर चार महिने कोणालाही हरकत घेता येते, नोंदणी दहा वर्षे टिकते आणि पुन्हा पुन्हा वाढवता येते. नोंदणी होईपर्यंत नावाशेजारी ‘टीएम’ लिहावे. वर्तुळातला ‘आर’ नोंदणीआधी छापणे बेकायदा आहे आणि तो छापून द्या म्हणणाऱ्याला मी आता नकार देतो. कोणी मोठी कंपनी नोटीस पाठवून घाबरवू लागली तर हेही सांगावे की, स्वतःचे नाव प्रामाणिकपणे वापरण्याला कलम 35 संरक्षण देते.

सभेला येताना प्रत्येकीला आपल्या स्वयंपाकघरातले एक रिकामे पाकीट आणायला सांगा. ती सारी एकत्र मिसळा, नावांवर कागद चिकटवा आणि कोणते कोणाचे ते रंगावरून नि चित्रावरून ओळखायला लावा. आमच्या वाड्यावर मी हे करून पाहिले तेव्हा मसाल्याची दोन पाकिटे कोणालाच वेगळी ओळखता आली नाहीत, आणि त्यांतले एक माझ्याच कपाटातले जुने प्रूफ होते.