उन्हात गोळ्या घेताना

प्रश्न: बाबा ६८ वर्षांचे, बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे. उन्हाळा लागला की उठताना चक्कर येते म्हणतात, तर गोळी बंद करू का? आणि मी पिंपल्ससाठी डॉक्सिसायक्लिन घेतेय, त्यात परवा गोळ्यांचं पाकीट दुपारभर गाडीत राहिलं, ते चालेल का?

उत्तर: बंद नका करू, निदान स्वतःच्या मनाने तरी नाही. ही गोळी शरीरातलं पाणी आणि मीठ बाहेर टाकते, त्यात घामाने आणखी जातं, मग बीपी उतरतं आणि उभं राहिलं की गरगरतं. दोन-तीन दिवस बसून आणि उभं राहून बीपी मोजा, लिहून ठेवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा, ते डोस कमी करतील किंवा बदलतील. पाणी किती प्यायचं तेही त्यांनाच विचारा, कारण हार्ट किंवा किडनीचा त्रास असेल तर 'भरपूर प्या' हा सल्ला उलटतो. बाबा बरळायला लागले किंवा शुद्ध हरपली तर मात्र वाट बघत बसू नका, सरळ हॉस्पिटल.

आता तुमचं. डॉक्सिसायक्लिनने त्वचा उन्हाला नाजूक होते, थोड्या उन्हातही भाजल्यासारखी लाल होऊ शकते, म्हणून पूर्ण बाह्या, टोपी, एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन. ढगाळ दिवशीसुद्धा हां!

गाडीतलं पाकीट? बंद गाडी उन्हात सहज ५० अंशांपुढे तापते आणि बहुतेक गोळ्या २५ किंवा ३० अंशांखाली ठेवायच्या असतात. गोळी दिसायला ठीक असली म्हणून चांगलीच असेल असं नाही. फार्मासिस्टला दाखवा, मी असते तर नवीनच घेतलं असतं.