ॲक्सोलोटल नुसता पडून राहतो?

दिवसभर तळाशी पडून असतो म्हणून घाबरू नका. टाकीत पाळला जाणारा हा उभयचर प्राणी मुख्यतः रात्री हिंडतो. लक्ष डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारख्या दिसणाऱ्या कल्ल्यांवर ठेवा. ते पुढे वळलेले आणि शेपटीचं टोक आकड्यासारखं मुडपलेलं दिसलं, तर काहीतरी बिनसलंय. बहुतेकदा फिल्टरचा झोत जोरात असतो, नाहीतर पाणी तापलेलं. १६ ते १८ अंश सेल्सिअस ठेवा. पाण्यातला अमोनियाही (घाणीतून साचणारा विषारी पदार्थ) तपासा, तो शून्यच हवा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- तळाला खडे. गिळतो आणि आतडं तुंबतं.
- सोबतीला मासे. कल्ले कुरतडतात.
- झगझगीत दिवा. त्याला पापण्या नाहीत हो!

विरंगुळा म्हणाल तर लपायला दोन अंधाऱ्या जागा, थोड्या पाणवनस्पती. आणि गांडूळ चिमट्याने हलवत द्या, कशी झडप घालतो बघा. बाकी सजावट सध्या राहू द्या.