एसटीचा प्रवास आणि लघवीची जळजळ

प्रश्न : विम्याच्या कामासाठी लातूर, नांदेड, परभणी असं सतत एसटीने फिरते. स्टँडवरची स्वच्छतागृहं पाहून पाणीच पीत नाही. हल्ली लघवीला जळजळ होते. दुकानातून गोळी आणली की थांबते, पुन्हा सुरू होते. काय करू? – एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, पाणी तोडणं आधी थांबवा. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटरचा. लघवी तुंबली की जंतूंना वाढायला वेळ मिळतो. मराठवाड्यातल्या मे महिन्यात तर हे फारच वाईट.

दुकानातली गोळी नकोच. अर्धवट प्रतिजैविकाने जंतू दाबले जातात, सगळे मरत नाहीत. लघवीची कल्चर तपासणी, म्हणजे कोणते जंतू आहेत हे वाढवून पाहणारी तपासणी करा. नमुना मधल्या धारेचा (सुरुवातीची लघवी सोडून घेतलेला) आणि औषध सुरू होण्याआधीचा हवा. सोबत रक्तातली साखरही बघा. थंडी वाजून ताप आला किंवा बरगडीखाली पाठीत दुखलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

प्रवासात दर तीन-चार तासांनी लघवीला जायचंच. ग्राहकाच्या घरी, बँकेत, शाळेत निःसंकोच विचारा. बाई कुठलीही असो, सहसा नाही म्हणत नाही. पेट्रोल पंपावरही सोय असते. आणि स्टँडवरच्या घाणीची लेखी तक्रार आगार व्यवस्थापकांकडे जरूर द्या. स्वच्छ जागा मिळणं हा तुमचा हक्क आहे.