नाइटक्लबमध्ये ८ जणांचं टेबल घेतलं तर नेमका खर्च किती येतो?

तुमचा प्रश्न असा: मित्राच्या वाढदिवसाला लोअर परळच्या एका क्लबात ८ जणांसाठी टेबल हवंय, क्लबवाले ‘५० हजार मिनिमम’ म्हणतात, तर त्यात काय काय आलं?

हे टेबलाचं भाडं नाही. तेवढ्या रकमेचं खाणंपिणं तुम्ही करायचंच, असा त्याचा अर्थ. ३५ हजारांचंच झालं तरी सहसा ५० भरावे लागतात. म्हणून फोनवर आधी विचारा, हा आकडा कर धरून की कर सोडून? बहुतेक ठिकाणी कर सोडून असतो.

समजा ४० हजारांची दारू आणि १० हजारांचं खाणं व मिक्सर (दारूत मिसळायचा सोडा, टॉनिक वगैरे) झाले. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो. परमिट रूमच्या परवान्यावरच्या जागी तो १० टक्के, म्हणजे ४ हजार. मोठ्या तारांकित हॉटेलात जास्त. खाण्यावर ५ टक्के जीएसटी, ५०० रुपये. झाले साडेचोपन्न हजार. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज लागला की ६० हजारांच्या घरात जातं. हा चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. बिलातून काढायला बिनदिक्कत सांगा, आणि वेटरने नीट सांभाळलं असेल तर टिप त्याच्या हातात द्या.

बहुतेकांचं गणित मिक्सरपाशी चुकतं. ७५० मिलीच्या बाटलीत ३० मिलीचे २५ पेग निघतात, म्हणजे ८ जणांना प्रत्येकी तीन. २ बाटल्या रात्रभर पुरतात. पण एका पेगला १०० मिली टॉनिक किंवा सोडा धरला तरी एका बाटलीला अडीच लिटर, म्हणजे ३०० मिलीचे ८-९ कॅन लागतात. क्लब बाटलीमागे ४ कॅन देत असेल तर बाकीचे मेन्यूच्या दराने चढतात, आणि एनर्जी ड्रिंक तर बहुधा वेगळंच. बाटलीमागे किती कॅन, हे आगाऊ रक्कम भरण्याआधी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. बाटलीचं सील तुमच्यासमोर फोडायला सांगा.

टेबल डीजेच्या कन्सोलजवळचं महाग असतं, पण तिथे स्पीकरमुळे शेजारच्याशी बोलता येत नाही. गप्पाही हव्या असतील तर डान्स फ्लोअरच्या कडेचं, भिंतीला लागून असलेलं मागा. ‘८ जणांचं’ म्हणजे ८ बसण्याच्या जागा का, हेही विचारा. अनेकदा सोफ्यावर पाचच मावतात, बाकीचे उभे.

दारात अडतं ते वयावर. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि व्हिस्की, व्होडका, जिन वगैरेंना २५ पूर्ण लागतात. एक जण २३ चा निघाला तर आयत्या वेळी त्याला आत सोडायचं की नाही हे क्लब ठरवतो, म्हणून त्याचं वय आधीच कळवा. सगळ्यांनी ओळखपत्र आणावं. चप्पल आणि हाफ पँट नको. फक्त मुलांचा गट असेल तर तेही बुकिंगच्या वेळीच सांगा, बऱ्याच जागी तेवढ्यावरून नकार मिळतो.

टेबल किती वाजेपर्यंत राखून ठेवतात ते विचारा. साधारण साडेदहानंतर दुसऱ्याला देऊन टाकतात. मुंबईत दीडला बंद होतं, त्यामुळे शेवटची ऑर्डर एकच्या सुमारास.

वाढदिवसाची बाटली फुलबाजी लावून आणतात, ती नको म्हणा. बंद हॉलमध्ये, बुटकं छत आणि सजावटीचं कापड असताना ठिणग्या नकोतच. २९ डिसेंबर २०१७ ला लोअर परळच्याच कमला मिल्समधल्या पबच्या आगीत १४ जण गेले. बसण्याआधी बाहेर पडायची दुसरी वाट कुठे आहे आणि तिच्यापुढे खुर्च्या-खोके रचलेले नाहीत ना, हे स्वतः जाऊन बघा.

साडेबाराला चालू बिल मागवा. मिनिममपैकी काही उरलं असेल तर तेव्हाच खायला मागवा, कारण किचन बारच्या आधी बंद होतं.